साठ तासांचा हिशेब: ढोकीच्या पोरापोरींना सार्वजनिक आरोग्य गावातच शिकता येईल, पण कागदावर नको

२०२५ च्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले आणि दहा किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर झाला. काही आठवड्यांतच धाराशिव (उस्मानाबाद) तालुक्यातल्या ढोकीतही तसेच घडले. कावळे दगावले, नमुने भोपाळला गेले आणि ढोकीचे नाव राज्यभरच्या बातम्यांत आले. रमजान तोंडावर होता.

अशा वेळी गावाला नेमके काय लागते? मेलेले पक्षी कुठे, किती आणि कधी सापडले याची नोंद लागते. उघड्या हाताने कोणी ते उचलू नये, लहान मुलांनी जवळ जाऊ नये, हे घरोघरी सांगावे लागते. परसात दोन-चार कोंबड्या पाळणाऱ्या घरांची यादी लागते. त्या कोंबड्या सुस्त झाल्या किंवा अचानक मेल्या तर कुणाला फोन करायचा, हे त्या घरातल्या बाईला माहीत असावे लागते. आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर लागते. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये हा विषाणू टिकत नाही, ७० अंशांच्या वर तो मरतो, ही साधी माहिती वेळेत पोचली नाही तर पहिला फटका बसतो चिकनच्या दुकानाला. ही दुकाने कुणाची असतात हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. एका अफवेने कुरेशी, खाटीक घरांचा आठवडाभराचा धंदा बसतो आणि त्याची भरपाई कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

पशुसंवर्धन आणि आरोग्य खात्याची माणसे अशा वेळी राबतात, आशाताई राबतात. पण साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा हे सरकारी प्रमाण आहे. तिच्या हातात गरोदर बायका, बाळंतिणी, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षण असे सगळेच असते. दुसरीकडे ढोकी आणि आसपासच्या गावांतून धाराशिव, लातूर, मुरूड, कळंबच्या कॉलेजांत जाणारी पोरेपोरी आहेत. कुणी बीएस्सी करते, कुणी बीए, कुणी नर्सिंग, कुणी युनानी किंवा आयुर्वेद. गावाला हात हवे आहेत आणि या मुलांना अनुभव हवा आहे. ही दोन टोके जुळवण्याची सोय आता अभ्यासक्रमातच आली आहे. ती वापरली जाते की नुसती सहीशिक्क्यात संपते, हा आजचा प्रश्न आहे.

नवा अभ्यासक्रम काय सांगतो

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा काढला. आधी स्वायत्त कॉलेजांत आणि नंतर २०२४-२५ पासून विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत तो लागू झाला. या आराखड्यात मुख्य आणि दुय्यम विषयांबरोबर तीन नवी नावे आहेत: फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग. ढोबळमानाने दुसऱ्या वर्षी पहिल्या दोन गोष्टींना प्रत्येकी दोन क्रेडिट आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट.

क्रेडिट म्हणजे काय हे अनेक पालकांना कोणी समजावून सांगितलेले नाही. सोपा हिशेब असा की, प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास, चार म्हणजे १२० तास. ६० तास म्हणजे रोज तीन तास धरले तर वीस दिवस. हे काही कमी नाही. वीस दिवसांत एक मुलगी आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घराची लसीकरणाची नोंद तपासू शकते.

पण होते काय? सेमिस्टर संपायला आठ दिवस राहिले की कॉलेजात धावपळ सुरू होते. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो. नाव बदला, स्पायरल बाइंडिंग करा, जमा करा. ट्रेनिंगसाठी ओळखीच्या दुकानदाराकडून सर्टिफिकेट आणले जाते. गुण मिळतात, पास होतो आणि मुलगा काहीच शिकत नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘काय काम केले?’ म्हणून विचारले की गप्प. हे नुकसान सगळ्यांचेच आहे. पण ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचले आहे त्या घराचे जास्त, कारण तिथे ओळखीने नोकरी लावून देणारा काका-मामा नसतो. तिथे अनुभव हीच शिफारस असते.

पदवीला सार्वजनिक आरोग्य शिकतो कोण?

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. मुंबईच्या टिससारख्या संस्थेत तो पदवीनंतर घेता येतो. नुसती ‘पब्लिक हेल्थ’ची पदवी देणारी ठिकाणे मोजकीच. पण म्हणून पदवीच्या मुलांना हा विषय शिकता येत नाही असे नाही. एमबीबीएसमध्ये तो कम्युनिटी मेडिसिन म्हणून असतो. बीयूएमएसमध्ये तहफ्फुजी व समाजी तिब म्हणून असतो. बीएस्सी नर्सिंगमध्ये कम्युनिटी हेल्थ नर्सिंग असते, त्यात गावातली पोस्टिंग असते. समाजकार्याच्या पदवीत तो येतो. सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलांनाही त्याचा एकेक धागा हाताशी असतो. पाण्यातले जंतू, डासांच्या अळ्या, गावाचा नकाशा, आकडेवारी, हे सगळे सार्वजनिक आरोग्यच आहे.

एमबीबीएसच्या मुलांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबे नेमून द्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्याने त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचे, अशी ही कल्पना. धाराशिवला २०२२ मध्ये १०० जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे आपल्या जिल्ह्यातही ही मुले आता गावांत जाणार. त्यांच्याबरोबर गावातलीच बीए-बीएस्सीची पोरे उभी राहिली तर दोघांचेही काम सोपे होईल. एकाला शास्त्र माहीत, दुसऱ्याला गल्ली माहीत.

हे आपल्याच मुलखात झालेले आहे

ही काही परदेशातून आणलेली कल्पना नाही. १९४६ मध्ये भोर समितीने डॉक्टरांना प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे प्रत्यक्ष शिक्षण द्या, असे सांगितले होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून एमबीबीएस शिकवले जाते. तिथली प्रत्येक नवी बॅच एक गाव निवडते, पंधरा दिवस त्या गावात राहते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. आज देशभर जो कुटुंब दत्तक कार्यक्रम आला आहे, तसे काम सेवाग्रामने अनेक वर्षे आधीच करून दाखवले.

आपल्या भूम तालुक्याला लागून जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, अनेकदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले. त्या बायका आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन तेच काम करायच्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे जगभरातले विद्यार्थी शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले. परदेशातली मुले विमानाने येऊन ज्या ठिकाणी शिकतात, ते आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. आपल्या किती मुलांनी ते पाहिले आहे?

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांना ‘भारतवैद्य’ बनवण्याचे काम या संस्थेने केले. तुळजापूरलाच टिसचे कॅम्पस आहे, जिथले विद्यार्थी गावोगाव फिरून शिकतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या आरोग्यदूतांकडून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ते संशोधन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. शिकणारा माणूस लोकांच्या उंबऱ्यावर गेला, बसला, ऐकले, लिहून ठेवले आणि पुन्हा गेला. एकदा जाऊन फोटो काढून परतला नाही.

ढोकीत साठ तासांत काय करता येईल

आम्हाला विचाराल तर पाच कामे डोळ्यासमोर येतात. एकालाही मोठा खर्च नाही.

पहिले, पाणी. पावसाळा आला की हगवण, कावीळ ठरलेली. गावात जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो. पण टाकीतले क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचते का, हे तपासायला ओटी टेस्ट असते. नळीत पाणी घ्या, थेंब टाका, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन हवे. चार विद्यार्थ्यांनी महिनाभर, रोज सकाळी, दहा ठरलेल्या नळांवर ही टेस्ट केली आणि तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला तर कुठल्या गल्लीत पाइप फुटलेला आहे ते आपोआप कळते. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. शहरातली ही गत, तर गावाने किती जपायला हवे?

दुसरे, लसीकरणाची यादी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. पहिला घेतात, दुसरा राहतो. कार्ड हरवते, बाळंतपण माहेरी झालेले असते, दोन गावांच्या नोंदीत मूल कुठेच नसते. घरोघर जाऊन कार्ड बघणे, राहिलेल्या मुलांची यादी एएनएमताईंना देणे आणि पुढच्या सत्राला ते मूल आले का हे पाहणे, एवढेच काम. पण यातून विद्यार्थ्याला सर्वेक्षण, नोंद आणि पाठपुरावा, हे तिन्ही धडे मिळतात.

तिसरे, ऊसतोड कामगार. ढोकीची ओळखच तेरणा साखर कारखान्याने झाली. कारखाना अनेक वर्षे बंद राहिला, पुन्हा सुरू झाला. हंगामात फडाजवळ कोप्या पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पहाटे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि पोरे कोपीत राहतात. या पोरांचे डोस, गरोदर बायकांच्या तपासण्या गावच्याही यादीत नसतात आणि मूळ गावच्याही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा समोर आला तो कुणीतरी जाऊन विचारले म्हणूनच. विचारले नसते तर त्या बायका आकड्यातही नसत्या.

चौथे, जनावरे आणि पक्षी. कावळ्यांच्या घटनेने शिकवले की माणसाचे आरोग्य पक्ष्यांपासून वेगळे काढता येत नाही. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता फोटो, ठिकाण, वेळ नोंदवून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे, ही सवय गावाला लावणारा गट हवा. प्राणिशास्त्राच्या मुलांसाठी याहून चांगला प्रोजेक्ट कोणता?

पाचवे, अॅनिमिया, बीपी, शुगर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींत एक. गोळ्या मिळतात, पण खाल्ल्या जातात का? का नाही? मळमळते म्हणून, सासू नको म्हणते म्हणून, की कुणी सांगितलेच नाही म्हणून? हे डॉक्टरांच्या टेबलासमोर कळत नाही, चुलीजवळ बसल्यावर कळते.

आपल्या समाजाचा यात काय संबंध

संबंध थेट आहे. २०२२ च्या शेवटी गोवरची साथ आली तेव्हा मुंबईत गोवंडी, मग मालेगाव, भिवंडी ही नावे पुढे आली. लहान मुले दगावली. गर्दीची घरे, कुपोषण, कामासाठी होणारे स्थलांतर, दवाखान्यांची कमतरता ही कारणे होतीच. पण लसीबद्दलचा अविश्वासही होता. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेतही अफवा फिरल्या आणि काही पालकांनी नकार दिला. त्या वेळी उलेमांनी, शिक्षकांनी, मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी समजावले. पण साथ आल्यावर समजावणे आणि आधीपासून घराघरांत ओळख असणे यात फरक आहे.

अनोळखी माणूस यादी घेऊन दारात आला की आपल्या अनेक घरांत दार अर्धेच उघडते. ‘ये यादी कायकू?’ हा प्रश्न येतो. गेल्या काही वर्षांतले वातावरण पाहता ही भीती उगाच आहे असे म्हणता येणार नाही. पण तीच यादी घेऊन शेजारच्या आपाची मुलगी आली, तिने घरच्या बोलीत सांगितले, तर अम्मी-नानी तिला आत बोलावतात, चहा देतात आणि जे डॉक्टरला सांगितले नाही तेही सांगतात. हा विश्वास पैशाने विकत मिळत नाही. तो आपल्या मुलींकडे आहे.

मात्र हे काम फक्त ‘आपल्या’ मोहल्ल्यापुरते ठेवू नये, असे आम्हाला वाटते. पाण्याची पाइप कुणाची गल्ली बघत नाही. तबस्सुम वडारवाड्यात गेली आणि तिथली मुलगी आपल्या गल्लीत आली, तर दोघी शिकतील आणि गावही काही शिकेल.

आता मुलींच्या घरच्यांविषयी. ‘ट्रेनिंगला पुण्याला जायचे’ म्हटले की अनेक घरांत तिथेच विषय संपतो. राहायचे कुठे, खर्च किती, सोबत कोण? हे प्रश्न खोटे नाहीत. पण ऑन जॉब ट्रेनिंग गावच्या सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या प्रयोगशाळेत कॉलेजच्या मान्यतेने करता येत असेल तर मग अडचण काय? मुलगी संध्याकाळी घरी असते. राज्यात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा ओबीसीत येणाऱ्या घरांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेत काढून ठेवावा. प्रवेशाच्या घाईत तो निघत नाही.

काही रास्त शंका

फुकट राबवून घेतील का? ही शंका बरोबर आहे. विद्यार्थ्याला आशाताईंच्या जागी वापरणे चूक. साठ तासांचे काम साठ तासांतच संपायला हवे आणि त्यात शिकवणारा माणूस हवा. पदवी झाल्यानंतरच्या योजना वेगळ्या आहेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि बारावी झालेल्याला ६,००० विद्यावेतन ठरले. पण ती शिक्षण पूर्ण झालेल्यांसाठी आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही. म्हणजे शिकत असताना मिळणारी संधी ही क्रेडिटचीच. तिचा प्रवासखर्च तरी कोणी द्यावा, ही मागणी आपण करायला हवी.

दुसरी शंका सुरक्षेची. विद्यार्थ्याने इंजेक्शन देऊ नये, औषध सांगू नये, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. त्याचे काम विचारणे, मोजणे, लिहिणे आणि योग्य माणसाकडे पाठवणे. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची: लोकांचे खासगीपण. कुणाला क्षयरोग आहे, कुणाचा गर्भपात झाला, हे चौकात आले तर एक घर उद्ध्वस्त होते. परवानगी विचारल्याशिवाय नोंद नाही, अहवालात नाव नाही, फोटो नाही. हा नियम पहिल्या दिवशी शिकवला गेला पाहिजे.

कोणी काय करावे

कॉलेजांनी दवाखाना, ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय केंद्राशी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी करार करावा आणि विद्यार्थ्यांना विषयांची यादी द्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेची वर्षाला १२० तासांची रचना आणि सात दिवसांचे शिबिर आधीपासून आहे, त्याला या कामाची जोड द्यावी. मार्गदर्शक प्राध्यापकाने किमान एकदा गावात यावे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मुलांना अडगळ न समजता एक ठरलेले काम द्यावे आणि शेवटी त्या तक्त्याचे काय केले ते सांगावे.

आपल्या जमातींनी, तंजीमांनी, शादीखाना-मदरशांच्या कमिट्यांनी एक खोली, एक पंखा आणि शनिवारची दोन तासांची बैठक एवढे जरी दिले तरी पुरे. तिथे मुले आपापल्या नोंदी मांडतील, मोठे विचारतील. अल्पसंख्याकांसाठीच्या ‘मार्टी’ या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सार्वजनिक आरोग्यात फिल्डवर काम करणाऱ्या पदवीच्या मुलांसाठी तिने छोट्या शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, अशी मागणी निवेदनातून करायला हरकत नाही.

आणि पालकांनी? कॉलेजात फी भरायला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाचा फिल्ड प्रोजेक्ट कुठे असेल? त्याला तिथे शिकवणार कोण? शेवटी त्याच्या हातात सर्टिफिकेटशिवाय काय असेल? उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. चार पालकांनी एकत्र जाऊन विचारले तर कॉलेजलाही उत्तर शोधावेच लागते. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली फाईल दीडशे रुपयांत मिळेल, पण पुढची साथ आली तेव्हा ती फाईल उघडून कुणाला काही विचारता येणार नाही.